रथ आणि राष्ट्र : फॅसिझमच्या सिद्धान्ताची एक मीमांसा

फॅसिझम म्हणजे निव्वळ जुलूम, अशी एक ढोबळ समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु जुलमी राजे सर्वच काळांत झाले. त्यांना तत्त्वज्ञानाची गरज भासली नाही. फॅसिझमला ती भासली. १९३२ साली इटालियन विश्वकोशात मुसोलिनीच्या नावाने ‘फॅसिझमचा सिद्धान्त’ हा लेख प्रसिद्ध झाला. त्यातील तात्त्विक भाग मुख्यतः जोव्हानी जेंतिले या तत्त्वज्ञाचा. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : राज्यसंस्था हीच निरपेक्ष सत्ता, तिच्याबाहेर व्यक्तीला मूल्य नाही, बहुमताने समाज चालत नाही, माणसामाणसांतील विषमता अटळ व हितकारक आहे, शाश्वत शांती त्याज्य असून युद्धातच माणसाचा कस लागतो.

या विचाराचे आकर्षण महाराष्ट्रातही निर्माण झाले होते. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली, ‘बालिल्ला’ या युवक संघटनेचे कार्य पाहिले आणि आपल्या दैनंदिनीत तिची प्रशंसा केली. पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. परतंत्र देशातील नेत्याला लष्करी शिस्तीची ओढ वाटावी, हे समजण्यासारखे आहे. परंतु ती शिस्त कोणत्या तत्त्वाच्या सेवेत आहे, हा प्रश्न त्या प्रशंसेत मागे पडला. १९३५ साली इटलीने ॲबिसिनियावर आक्रमण केले, तेव्हा त्याचे उत्तर जगाला मिळाले.

छत्रपती संभाजीनगरातील नागसेनवन ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे उदाहरण दिले होते. आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे. आणि हे सर्व वगळले तर रथ म्हणून काही उरतही नाही. ‘रथ’ ही त्या अवयवांच्या आधाराने असलेली केवळ प्रज्ञप्ती होय. राष्ट्राचेही तसेच आहे. फॅसिझम नेमका उलटा चालतो. तो नावालाच सत्य मानतो आणि त्या नावासाठी चाके जाळावयास सांगतो.

यावर असा आक्षेप येईल की, बौद्ध धम्मही ‘मी’पणाचा त्याग सांगतो; मग व्यक्तीने राष्ट्रात विलीन व्हावे, यात वावगे काय? हा आक्षेप काल्पनिक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधील काही झेन आचार्यांनी अनात्मवादाचा असाच उपयोग सम्राटासाठी प्राणार्पण करण्याच्या उपदेशाकडे केला. परंतु ‘मी श्रेष्ठ’ याऐवजी ‘आम्ही श्रेष्ठ’ म्हटल्याने ‘मान’ क्षीण होत नाही, तो फोफावतो. लहान आत्मा सोडून मोठा आत्मा धरणे हा अनात्मवाद नव्हे.

नेत्याविषयीची भूमिकाही तपासण्यासारखी आहे. महापरिनिब्बानसुत्तात तथागत उत्तराधिकारी नेमीत नाहीत. आपल्या पश्चात धम्म आणि विनय हेच शास्ता राहतील, असे सांगतात. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्षुसंघाच्या संसदीय कार्यपद्धतीचा दाखला दिला आणि त्याच भाषणात राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला.

तो इशारा केवळ इतरांसाठी आहे असे मानणे सोयीचे असले, तरी प्रामाणिकपणाचे नव्हे. ज्यांनी विभूतिपूजेविरुद्ध सावध केले, त्यांचीच विभूती करून त्यांच्या विचारांची चिकित्सा निषिद्ध ठरविणाऱ्या समाजात फॅसिझमला बाहेरून यावे लागत नाही.