तीस सेकंदांचा हिशेब

यंत्राने गाण्याला कात्री लावली ही तक्रार जुनीच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पण तेवढ्यात काय भरायचं, हे गायक ठरवी. स्पॉटिफायचा हिशेब वेगळा आहे. गाणं ३० सेकंद वाजलं की एक श्रवण मोजलं जातं. ऐकणारा त्याआधीच पुढे सरकला तर मोजणीत काही येत नाही. आणि गाणं दोन मिनिटांचं असो की सहा, श्रवण एकच! मग सुरुवातीचं वादन आक्रसतं, ध्रुवपद लगबगीने पुढे येतं. २०१८चं ‘ओल्ड टाउन रोड’ मूळ रूपात दोन मिनिटांचंही नाही.

कुणी म्हणेल, टेलर स्विफ्टचं दहा मिनिटांचं ‘ऑल टू वेल’ २०२१मध्ये बिलबोर्डवर पहिलं आलंच की. आलं ना! पण जिचे श्रोते आधीच जोडलेले आहेत, तिला ती चैन परवडते. नवख्याला नाही.

आमचा आक्षेप लांबीवर नाहीच. ऐकणारा निघून जाईल या धास्तीने रचलेलं गाणं त्याला थांबायला सांगू शकत नाही, आणि सुराची वाट पाहणं हा तर ऐकण्याचाच भाग आहे. तो आपण हिशेबाच्या स्वाधीन करायचा का, एवढंच विचारायचं आहे.