जनगणनेच्या रकान्यात हरवलेलं गिरणगाव

पीएच.डी.ची तयारी करणारे विद्यार्थी सिनॉप्सिस वाचायला पाठवतात, तेव्हा दर तीन-चारांमागे एक साधारण अशी असते: ‘अमुक शहरातील वस्त्यांचे बदलते सामाजिक स्वरूप: जनगणनेवर आधारित अभ्यास’. पद्धतही ठरलेली असते. दोन जनगणनांचे प्रभागनिहाय आकडे घ्यायचे, एकातून दुसरा वजा करायचा, नकाशा रंगवायचा आणि जिथे रंग गडद झाला तिथे ‘वस्ती बदलली’ असं लिहायचं. या पद्धतीवर आज थोडी टीका करायची आहे. टीका करण्याचा हक्क मी कमावलाय, कारण हीच चूक मी स्वतः करून बसले होते.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं. त्यामुळे डेटा हातात आला की आधी कोड आणि मग विचार, अशी सवय. विषय होता मुंबईचं गिरणगाव, म्हणजे लालबाग, परळ, शिवडी, लोअर परळ, वरळी हा पट्टा. महापालिकेच्या भाषेत मुख्यतः एफ दक्षिण आणि जी दक्षिण विभाग. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख कामगार, नंतर एकामागून एक बंद पडलेल्या गिरण्या, त्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले मॉल आणि टॉवर ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला ती ‘आकड्यांनी सिद्ध’ करायची होती. १९९१ आणि २००१ चे प्राथमिक जनगणना गोषवारे घेतले, रकाने जुळवले, कोड चालवला. ‘इतर’ कामगारांचा वाटा एका दशकात प्रचंड उसळलेला दिसला. मी खूश! ‘उत्पादनाकडून सेवांकडे संक्रमण’ असं शीर्षक देऊन तक्ता विभागाच्या चर्चासत्रात मांडला.

मागच्या रांगेत आमच्या ग्रंथालयातले एक काका बसले होते. ते लालबागच्या चाळीत वाढलेले. प्रश्नोत्तरं संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, आमचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर एका बिल्डिंगला वॉचमन लागले. ते तुमच्या कुठल्या रकान्यात?”

मी सहज म्हणाले, “आधी उत्पादनात, मग इतरमध्ये.” रात्री खात्री करायला तक्ते पुन्हा उघडले आणि घाम फुटला.

नाव तेच, माल वेगळा

१९९१ च्या गोषवाऱ्यात मुख्य कामगारांचे नऊ वर्ग होते: शेतकरी, शेतमजूर, पशुपालन-मासेमारी वगैरे, खाणकाम, वस्तुनिर्माण (त्यात घरगुती उद्योग आणि बिगर-घरगुती असे दोन भाग), बांधकाम, व्यापार, वाहतूक-दळणवळण, आणि नववा ‘इतर सेवा’. गिरणी कामगार पाचव्या वर्गाच्या दुसऱ्या भागात स्पष्ट दिसायचा.

२००१ मध्ये त्याच गोषवाऱ्यात चारच वर्ग उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर कामगार’. या ‘इतर’मध्ये गिरणी कामगार, वॉचमन, बँकेतला अधिकारी, टॅक्सीवाला, शिक्षिका, भाजीवाली सगळे एकत्र. २०११ मध्येही तेच.

माझ्या कोडने १९९१ चं ‘इतर सेवा’ २००१ च्या ‘इतर कामगार’ला जोडलं होतं. नावात साम्य, आशयात नाही. माझी ती उसळी समाजातली नव्हती, छापील तक्त्यातली होती. काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की २००१ च्या तक्त्यापुरते त्यांचे वडील गिरणीत असते तरी ‘इतर’ आणि वॉचमन असते तरी ‘इतर’. त्या माणसाचं आयुष्य उलटंपालटं झालं आणि रकाना हलला नाही.

चूक दुरुस्त करणं तसं सोपं आहे. १९९१ च्या नऊ वर्गांतून शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग वेगळे काढायचे, उरलेल्यांची बेरीज करायची, की ती २००१ च्या ‘इतर’शी जुळते. मी ते केलं. मग काय दिसलं? दक्षिण मुंबईत शेती कोण करतंय? दोन्ही वर्षी जवळजवळ सगळेच ‘इतर’. उसळीच्या जागी सपाट रेघ आली. चुकीच्या तक्त्यात मोठा बदल दिसत होता, बरोबर तक्त्यात काहीच नाही. आणि गिरणगावात तर सगळं बदललं होतं!

उद्योगधंद्यांची सविस्तर वर्गवारी जनगणनेत असते, पण ती जिल्हा किंवा मोठ्या शहराच्या पातळीवर. मुंबई शहराचं औद्योगिक चित्र तिथे मिळेल, लालबागचं नाही. म्हणून पहिला धडा: विषय ठरवण्याआधी, तुम्हाला हवी ती गोष्ट हव्या त्या पातळीवर दोन्ही वर्षी मोजलेली आहे का, हे बघा. साक्षरतेसारख्या साध्या गोष्टीतही गाठ पडते. १९८१ पर्यंत पाच वर्षांखालची मुलं सरसकट निरक्षर धरली जायची, १९९१ पासून सात वर्षांखालची. शिवाय १९९१ पासून साक्षरतेचा दर सात वर्षांवरच्या लोकसंख्येवर काढतात. छेद बदलला की दर बदलतो, शाळा एकही न वाढता.

माणूस मोजला कुठे जातो?

जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, काम करतो तिथे नाही. गिरणीच्या काळात याने फारसा फरक पडत नव्हता, कारण भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर कामगार राहायचा. वस्ती आणि कारखाना एकाच चौकटीत होते.

आज कमला मिलच्या आवारातल्या ऑफिसात बसणारी मुलगी डोंबिवलीला मोजली जाते आणि हॉटेलात ताटं उचलणारा मुलगा कदाचित नालासोपाऱ्याला. म्हणजे जुन्या गिरणगावाचा कामधंदा वस्तीच्या आकड्यांत उतरायचा, नव्याचा उतरत नाही. त्यामुळे प्रभागाचे आकडे दाखवून ‘लोअर परळमध्ये आता सेवाक्षेत्राचे कर्मचारी आले’ असं कुणी लिहिलं, तर विचारा: राहायला आले, की सकाळच्या लोकलने येऊन रात्री परत गेले?

घट दिसते, कारण दिसत नाही

आता जो आकडा भक्कम आहे तो घेऊ. जी दक्षिण विभागाची लोकसंख्या २००१ मध्ये ४,५७,९३१ होती, २०११ मध्ये ३,७७,७४९. एफ दक्षिणची ३,९६,१२२ वरून ३,६०,९७२ झाली. टक्केवारीत अनुक्रमे साडेसतरा आणि जवळपास नऊ टक्के घट. त्याच काळात मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांच्या आसपास घटला. म्हणजे जी दक्षिणमधली घट जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त आहे. हा निष्कर्ष मी छातीठोकपणे लिहीन.

पण पुढचं वाक्य लिहिताना हात थांबला पाहिजे. ही घट गिरणी कामगारांची कुटुंबं विरार-कल्याणकडे गेल्यामुळे? चाळी पुनर्विकासाला जाऊन माणसं संक्रमण शिबिरात गेल्यामुळे? जिथे खोलीत आठ जण राहायचे तिथे आता चार राहतात म्हणून? की नव्या टॉवरमधले फ्लॅट विकले गेले पण रिकामे आहेत म्हणून? चारही कारणं संभवतात आणि चारींचा सामाजिक अर्थ वेगळा आहे. वजाबाकीत चारही सारखीच दिसतात. शिवाय जी दक्षिणमध्ये वरळी सी फेस आहे, वरळी कोळीवाडा आहे आणि बीडीडी चाळीही आहेत. या तिघांची सरासरी म्हणजे नेमकी कुणाची गोष्ट?

वस्ती सुधारली की माणसं बदलली?

एक गणित करून बघा. समजा, एका वस्तीत १०० माणसं आहेत, त्यांतली ७० साक्षर. भाडं परवडेना म्हणून २० निरक्षर माणसं निघून गेली. उरली ८०, त्यांत साक्षर ७०. साक्षरता सत्तर टक्क्यांवरून साडेसत्याऐंशी टक्क्यांवर गेली! एकही माणूस नवं अक्षर शिकला नाही. अहवालात मात्र ‘वस्तीचा सामाजिक विकास’ असं छापून येईल.

पद्धतीचा हा दोष मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण इथे विस्थापन प्रगतीच्या वेषात येतं. ज्यांना जावं लागलं त्यांच्या जाण्यामुळेच आकडा सुधारतो आणि तो सुधारलेला आकडा पुढच्या पुनर्विकासाचं समर्थन म्हणून वापरता येतो. आपण संशोधक म्हणून तो तक्ता बनवून देतो. नुसती तांत्रिक चूक म्हणून हे सोडून देता येत नाही.

याचीच दुसरी बाजू रॉबिन्सन यांच्या १९५० च्या प्रसिद्ध निबंधात आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. सहसंबंध उणे ०.५३. पण व्यक्तींच्या पातळीवर बघितलं तर तो अधिक ०.१२ निघाला, म्हणजे परदेशात जन्मलेले लोक थोडे जास्तच निरक्षर होते. ते स्थायिक झाले होते मात्र साक्षर राज्यांत. प्रदेशाचा आकडा प्रदेशातल्या माणसाबद्दल बोलत नाही, हे नेट-सेटसाठी आपण पाठ करतो आणि प्रबंधात विसरतो.

इंग्लंड-वेल्समध्ये १९७१ पासून सुमारे एक टक्का लोकांच्या नोंदी एका जनगणनेतून पुढच्या जनगणनेला जोडल्या जातात, त्यामुळे तिथे ‘कोण राहिलं, कोण गेलं’ हे विचारता येतं. आपल्या प्रकाशित तक्त्यांत दर दहा वर्षांनी वस्तीचा फोटो मिळतो. दोन फोटोंतली माणसं तीच आहेत का, हे फोटो सांगत नाही.

मग जनगणना सोडायची का?

अजिबात नाही. नमुना पाहणीत लालबागची पाच-दहा घरंही येत नाहीत. जनगणना प्रत्येक दार ठोठावते. किती माणसं, किती मुलं, स्त्रियांचं प्रमाण काय, अनुसूचित जाती-जमातींचा वाटा किती, घरात पाणी-संडास आहे का, यासाठी तिच्याइतकं मोठं साधन दुसरं नाही. माझी टीका तिच्यावर नाही, तिच्याकडून नको ते वदवून घेणाऱ्या आपल्या पद्धतीवर आहे.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर माझ्या अनुभवावरून एवढं करा. एक, कोड लिहिण्याआधी दोन्ही वर्षांच्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवून हाताने तक्ता करा; फक्त नावावरून रकाने जोडू नका. दोन, हद्दी तपासा. निवडणुकीचे प्रभाग बदलत राहतात. मुंबईत अक्षरांनी ओळखले जाणारे प्रशासकीय विभाग तुलनेला जास्त सोयीचे, पण मोठे. तीन, प्रत्येक घट-वाढीपुढे किमान तीन पर्यायी कारणं लिहा आणि कुठलं कारण कुठल्या दुसऱ्या साधनाने तपासाल तेही लिहा: मतदारयाद्या, शाळांची पटनोंदणी, पुनर्विकासाचे प्रस्ताव, लोकांच्या मुलाखती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी गोळा करून जे पुस्तक केलं, ते माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त सांगून जातं. चार, ‘वस्ती सुधारली’ हे वाक्य लिहिण्याआधी ‘कुणासाठी?’ हा प्रश्न समासात लिहून ठेवा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे या वेळी दोन फोटोंमधलं अंतर दहा नाही, सोळा वर्षांचं. २०११ शी तुलना करताना ‘दशकातील बदल’ असं सवयीने लिहून टाकू नका. नवे आकडे येतील तेव्हा वजाबाकी करण्याची घाई सगळ्यांनाच होईल, मलाही होईल.

माझं ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. उसळीचा तक्ता काढून टाकला, त्याजागी नऊ वर्गांचे चार कसे झाले याचा तक्ता घातला. गाइड म्हणाले, “निष्कर्ष थोडा बारीक झाला.” झाला खरा. ग्रंथालयातल्या काकांना मात्र ते पान दाखवताना या वेळी मला लाज वाटली नाही.