सहा भाकऱ्या, दहा माणसे

इजिप्तचा पाठ आला की वर्गातल्या कृती ठरलेल्या असतात. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद म्हणजे पपायरस, चिंध्या गुंडाळलेली बाहुली म्हणजे ममी, पुठ्ठ्याचा पिरॅमिड. मुले रमतात, प्रदर्शनाचे टेबलही भरते. पण त्यातून मुलांना इजिप्तचे जीवन किती कळते? वस्तूचे रूप तेवढे उतरते, तिच्यामागचे काम निसटते.

कृती पारखायची कसोटी सोपी आहे. ती करताना चुकता येते का, आणि चूक मुलाची त्यालाच दिसते का? चहाच्या कागदात चुकण्यासारखे काहीच नाही.

ममीचेच पाहा. तिथले खरे काम चिंध्या गुंडाळण्याचे नव्हे, शरीरातील पाणी काढण्याचे. त्यासाठी मृतदेह सुमारे ४० दिवस नॅट्रॉन या सोडा-मिठाच्या नैसर्गिक मिश्रणात ठेवीत. बटाट्याच्या चार सारख्या फोडी घ्या. एक उघडी, एक मिठात, एक खाण्याच्या सोड्यात, एक दोहोंच्या मिश्रणात ठेवा. आधी अंदाज लिहायला लावा, मग आठवडाभर रोज वजन करा. अंदाज चुकला तर आकडेच सांगतील.

पण ममी हा मरणाचा विषय झाला. जगण्याचे काय? इजिप्तमध्ये मजुरी पाव, बिअर आणि धान्य अशी मिळे. आहमोस या लेखनिकाने इ. स. पूर्व १५५०च्या सुमारास उतरवलेली गणिताची गुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातील एका उदाहरणात ६ पाव १० माणसांत वाटायचे आहेत. आपण उत्तर ३/५ लिहून मोकळे होतो. वर्गात खरोखर भाकऱ्या कापून पाहा. प्रत्येक भाकरीतून ३/५ कापले तर सहा जणांना अखंड तुकडा आणि चौघांना जोडतुकडे मिळतात, तक्रार ठरलेली! गुंडाळीतले उत्तर आहे १/२ आणि १/१०. पाच भाकऱ्या अर्ध्या करा, सहावीचे दहा भाग करा. वाटे समान आहेत, आणि समान दिसतातही.

अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीतील मुलांना मजुरीचा विषय परका नाही. राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदीनाच्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्य थकले म्हणून काम थांबवले आणि ते मंदिरांपाशी जाऊन बसले. पुठ्ठ्याच्या पिरॅमिडात या माणसांना जागाच नसते.

हीच रीत घराजवळही चालते. अंबडहून पांडवलेणी जवळ आहेत. तिथल्या शिलालेखात उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. व्याज दरमहा शेकडा १. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब जुळतो का, ते मुलांनाच करू द्या. सहलीत लेण्याचे चित्र काढण्याइतकीच ही कृतीही महत्त्वाची आहे.