जमीन न विकणारा माणूस

'व्हाइस सिटी' या खेळात 'फोर आयर्न' नावाचं एक मिशन आहे. ॲव्हरी कॅरिंग्टन नावाचा बिल्डर टॉमी व्हर्सेटीला आपल्या लिमोझिनमध्ये बसवून घेतो आणि काम सांगतो. एक जमीन हवी आहे, मालक विकत नाही, त्याला संपव. मालक गोल्फच्या मैदानावर असतो. तिथे बंदूक घेऊन जाता येत नाही, म्हणून टॉमी गोल्फचे कपडे चढवतो आणि हातात काठी घेतो. तो माणूस मैदानावरच्या छोट्या गाडीतून पळतो, आपण मागे लागतो. काठीचे चार-पाच फटके बसतात, वाजंत्री वाजते, पैसे जमा होतात.

हे मिशन मी २००७च्या सुमारास वडखळ नाक्यावरच्या एका सायबर कॅफेत पार केलं. तासाला वीस रुपये घेत. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड उतरवलेले असत: रणगाडा हवा तर 'पँझर', पोलिसांनी पाठ सोडावी म्हणून 'लीव्हमीअलोन'. बाहेर हायवेवर डोलवीच्या कारखान्यातली पोलादाची वेटोळी लादलेले ट्रेलर खोळंबलेले असत आणि आत आम्ही चौघे एका खुर्चीला लगडून अमेरिकेतल्या रिकाम्या रस्त्यांवर गाड्या उधळत असू.

त्याच काळात आमच्या पेण तालुक्यात एकच विषय होता, महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांच्या जमिनी त्यात जायच्या होत्या. माझी आत्या त्यांपैकीच खारेपाटातल्या एका गावात दिलेली. तिचे सासरे, सगळ्यांचे अण्णा, सभेहून आले की ओट्यावर बसून एकच सांगायचे, "पैसे घरात येतील आणि घरातून जातील. मग नातवांनी काय खायचं?" २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या गावांतल्या शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. अण्णा धुतलेली टोपी घालून मत द्यायला गेले. पुढे ते भूसंपादन बारगळलं.

या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला बरीच वर्षं लागली. कॅफेतल्या खुर्चीवर बसून मी ज्याला काठीने मारलं, तो जमीन न विकणारा माणूस होता. खेळात त्याला नाव नव्हतं, घर नव्हतं, 'नाही' म्हणण्याचं कारणही नव्हतं. गुंडांच्या या मुक्त संचाराच्या खेळांकडे मी तेव्हापासून एकाच प्रश्नानिशी पाहत आलो आहे: ज्या जमिनीवर हा सगळा खेळ चालतो, त्या जमिनीवरच्या माणसाला इथे चेहरा मिळतो का? जिथे मिळाला तिथे या प्रकाराची कला झाली. जिथे मिळाला नाही तिथे उत्तम कारागिरी झाली, आणि ती तेवढ्यावरच थांबली.

आधी कारागिरीचं श्रेय द्यायला हवं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' ऊर्फ 'जीटीए'चा पहिला भाग १९९७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या डीएमए डिझाइन या कंपनीने काढला. त्यात शहर घारीच्या नजरेने वरून दिसायचं, माणसं मुंग्यांएवढी. २००१च्या तिसऱ्या भागात कॅमेरा रस्त्यावर उतरला आणि सगळंच पालटलं. मिशन करा किंवा करू नका, शहर आपलं आपलं चालू राहायचं. पाऊस पडायचा, रेडिओवर निवेदक बडबडायचे, सिग्नलला गाड्या थांबायच्या. २००२ साली 'व्हाइस सिटी' आली, २००४ साली 'सॅन अँड्रियास'. आमच्यासारख्या गावातल्या पोरांना हे किती मोठं होतं, ते शहरातल्या समीक्षकांच्या लक्षात येत नाही. मुंबईला गेलं की आम्हाला काका सांगणार, हात सोडू नकोस. इथे मात्र अख्खं शहर समोर मोकळं, कुठे चाललास असं विचारणारं कुणी नाही. संध्याकाळी समुद्रालगतच्या रस्त्यावरून मोटारसायकल नेताना आभाळ गुलाबी व्हायचं आणि आम्ही चौघे गप्प व्हायचो. भटकण्याचा हा आनंद ना कादंबरीने कधी अशा रीतीने दिला होता ना सिनेमाने.

पण स्कॉटलंडच्या लोकांनी 'व्हाइस सिटी'तलं हे मायामीच्या धर्तीचं शहर उभं केलं ते बरंचसं सिनेमा आणि टीव्ही पाहून. 'स्कारफेस' या १९८३च्या चित्रपटाची छाया टॉमीच्या हवेलीवर उघड पडलेली आहे. त्यामुळे शहराला दर्शनी बाजू मिळाली, माजघर मिळालं नाही. बहुतेक दारं उघडतच नाहीत. कथा पुढे सरकते तसा टॉमी आइस्क्रीमचा कारखाना घेतो, छापखाना घेतो, टॅक्सी कंपनी घेतो. मग त्या त्या दारासमोर पैशाचं चिन्ह गोल फिरत राहतं, जायचं आणि उचलायचं. आत कोण काम करतं? ज्याचे वडील कंपनीत तीन पाळ्यांत जातात, ज्याच्या घरी जेवणाची वेळ भोंग्यावर ठरते, त्या डोलवीच्या पोराला हा प्रश्न पडायला हवा होता. तेव्हा पडला नाही, कारण खेळाने तो पडूच दिला नाही.

कामगार त्या शहरात ठळकपणे दिसतात ते एका मिशनमध्ये, आणि ते भारतातल्या पोरांच्या एका पिढीला पाठ आहे. पुन्हा तोच कॅरिंग्टन. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत रिमोटच्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने चार बॉम्ब ठेवायचे. घड्याळ लागलेलं असतं, जिने अरुंद, हेलिकॉप्टर भिंतीला घासतं, आणि हातात हत्यारं घेतलेले बांधकामावरचे मजूर ते हाणून पाडायला धावतात. त्यांना पात्यांनी कापत वर जायचं. आम्ही आठवडाभर तिथे अडकलो होतो आणि त्या मजुरांना शिव्या घालत होतो. आज वाटतं, त्या इमारतीत आपलं काम वाचवायला धावलेले ते तेवढेच होते. कॅरिंग्टनचं तिसरं काम याहून भयंकर आहे. दोन टोळ्यांत दंगल पेटवायची, म्हणजे वस्तीतल्या जागांचे भाव पडतील. जमीन, बिल्डर आणि गुंड यांचं नातं लेखकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते विनोदात उडवलं आणि आम्हाला बिल्डरच्या बाजूने उभं केलं.

हा दोष या प्रकाराच्या रक्तातच आहे असं म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षी त्याला उत्तर आलं होतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या इल्युजन सॉफ्टवर्क्सने २००२ साली 'माफिया' काढला. नायक टॉमी अँजेलो हा १९३०च्या काळातला टॅक्सीवाला. वेग वाढवला किंवा सिग्नल तोडला तर पोलीस थांबवून दंड करतात. पोरांना ते कंटाळवाणं वाटलं, पण त्या कंटाळ्यातच खेळाचं शहाणपण आहे. रोजच्या नियमांनी चालणारं शहर आधी अंगवळणी पडतं, म्हणून नियम मोडण्याला वजन येतं. टोळी सोडलेल्या टॉमीला शेवटी म्हातारपणी त्याच्याच घरासमोर गोळ्या घालतात. पाप चीट कोडने पुसलं जात नाही, हे सांगणारा मी पाहिलेला हा पहिला खेळ.

२००८चा 'जीटीए फोर' त्याच वाटेने गेला. युद्धात पोळलेला निको बेलिक बोटीने येतो, चुलतभावाच्या फाटक्या टॅक्सी धंद्यात शिरतो, आणि श्रीमंतीचं वर्णन ऐकून आलेल्या माणसाला झुरळांची खोली मिळते. मुंबईला पोट भरायला गेलेल्या कोकणी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. २०१६च्या 'माफिया थ्री'ने तर खेळाच्या यंत्रणेतच अर्थ भरला. १९६८चं, अमेरिकेच्या दक्षिण भागातलं शहर, नायक कृष्णवर्णीय. गोऱ्या श्रीमंतांच्या वस्तीत गुन्हा केला की पोलीस झपाट्याने येतात, काळ्यांच्या गरीब वस्तीत रेंगाळतात. त्यावर एकही भाषण नाही, आपण घड्याळ बघूनच ते शिकतो. बाकीचा खेळ त्याच त्या मारामाऱ्यांनी रटाळ झाला, तरी ही एक गोष्ट फक्त खेळच करू शकतो.

पण माझ्या प्रश्नाचं सगळ्यात पूर्ण उत्तर जपानमधून आलं. सेगाच्या 'याकुझा' मालिकेचं कामुरोचो हे टोकियोच्या काबुकिचो भागावरून घेतलेलं. चालत गेलं तर काही मिनिटांत संपणाऱ्या गल्ल्या. २००५पासून भागामागून भाग त्याच गल्ल्यांत परत येत राहिला. दुकानांत शिरता येतं, जेवता येतं, माणसांच्या रडकथा ऐकता येतात. त्यातला 'याकुझा झीरो' २०१५चा, कथा १९८८ची, जपानमध्ये जागांचे भाव आभाळाला भिडले होते तेव्हाची. सगळी टोळीयुद्धं एका चिमुकल्या रिकाम्या भूखंडासाठी होतात. खाटही नीट मावायची नाही एवढी जागा, पण ती मिळाल्याशिवाय वस्तीचा पुनर्विकास अडतो. त्या जागेची मालकीण निघते माकोतो, एक अंध तरुणी. 'व्हाइस सिटी'तला गोल्फ खेळणारा निनावी माणूस इथे कथेच्या मधोमध येऊन बसला. त्याला नाव मिळालं, भाऊ मिळाला, भूतकाळ मिळाला. खेळणारा तिला संपवत नाही, तिला वाचवायला धावतो. जमीन कुणाची तरी असते, हे इथे कथेचं मर्म होतं, आणि म्हणून त्या गल्लीतलं प्रत्येक दार महत्त्वाचं होतं. नकाशा मैलांनी मोजण्याच्या हौसेला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

दुर्दैवाने बाजार दुसरीकडे गेला. २०१३च्या 'जीटीए फाइव्ह'ने तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री केली, आजवर वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. शहर डोळे दिपवणारं आहे, डोंगरावरून दिसणारं रात्रीचं लॉस सँटोस मी अजूनही थांबून बघतो. पण ऑनलाइन भागात खेळातले पैसे खऱ्या पैशांनी विकत मिळू लागले, तसा गुन्हा खरेदीत विरघळला. बंगला, विमान, पाणबुडी, मग आणखी महाग पाणबुडी. पुढच्या भागाची पहिली झलक यायला २०२३चा डिसेंबर उजाडला. आणि गंमत बघा, याच शहरात खेळणाऱ्यांनी आपणहून कामं शोधली. 'फाइव्हएम' या चाहत्यांनी उभ्या केलेल्या ऑनलाइन व्यवस्थेवर लोक एकेक पात्र घेऊन महिनोन् महिने जगतात. कुणी मेकॅनिक होतो, कुणी टॅक्सीवाला, कुणी रुग्णवाहिका चालवतो. आपल्याकडची पोरंही तासन् तास हिंदीतून हे प्रक्षेपण करतात. निर्मात्यांनी कामगार दिले नाहीत, तर खेळणारे स्वतः कामगार झाले. २०२३मध्ये 'जीटीए'च्या रॉकस्टार कंपनीने 'फाइव्हएम' बनवणारा संच विकतच घेतला. ही भूक खरी आहे याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

आईवडिलांची भीतीही मी हलकी लेखत नाही. हे खेळ प्रौढांसाठी आहेत, आणि चौदाव्या वर्षी ते आमच्या हाती पडायला नको होते. पण 'गुंडगिरी दाखवली, म्हणजे वाईट' हा न्याय मराठीने एकदा लावून पाहिला आहे. १९६५ साली भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी कडाडून टीका केली आणि दुर्गा भागवतांनी बाजू घेतली. आज ती कादंबरी मराठीत ताठ उभी आहे, कारण नाक्यावरची ती पोरं कुठून आली हे तिला ठाऊक होतं. खेळांनाही तीच कसोटी लावावी.

त्या कसोटीचा माल आपल्याकडे उदंड आहे. 'वास्तव'मधला रघू गुंड होण्याआधी पावभाजीची गाडी टाकतो. 'मुळशी पॅटर्न'मध्ये जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा टोळीत जातो. म्हणजे बहुतेक खेळांनी पंचवीस वर्षं जे टाळलं, त्याच्यापासूनच आपले चित्रपट सुरुवात करतात. खेळांत मात्र मुंबई आली ती २०१८च्या 'हिटमॅन टू'मध्ये, डेन्मार्कच्या कंपनीची. चाळ आहे, दोरीवरचे कपडे आहेत, अर्धवट बांधलेला टॉवर आहे, गर्दी तर अप्रतिम आहे. पण ती मुंबई पाहुण्याच्या नजरेची, आणि माणसं इंग्रजीत बोलतात. आपल्याकडे मोबाइलवर 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी' पोरांच्या हातोहाती आहे, फोनवर नंबर फिरवला की बाइक हजर. हौस दांडगी, पण गोष्ट नाही. मुंबईच्या गेमइऑन स्टुडिओने 'मुंबई गलीज'ची घोषणा केली, तेव्हा केवढा उत्साह उसळला होता! आणि हात नाहीत असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२०मध्ये 'राजी' करून दाखवली. कमी आहे ती आपल्या मातीकडे कथा म्हणून बघायच्या धीराची. धरमतरच्या खाडीतले बार्ज, पोलादाचा कारखाना, खारेपाटाचे बांध, गणपतीचे कारखाने आणि हायवेवरचा नाका, हे सगळं वीस-पंचवीस किलोमीटरांत आहे. कामुरोचोपेक्षा कितीतरी मोठं.

आता 'जीटीए सिक्स' पुन्हा व्हाइस सिटीत येतो आहे. तारीख २०२५वरून मे २०२६ आणि मग नोव्हेंबर अशी सरकत गेली. वाट मीही पाहतो आहे.

गेल्या पावसाळ्यात मी जुनी 'व्हाइस सिटी' फोनवर घेतली आणि पुन्हा त्या गोल्फच्या मैदानावर पोचलो. या वेळी लांबच उभा राहिलो. तो माणूस चेंडू मारत राहिला. मी काठी उगारली नाही. पुढे काहीच घडलं नाही. मिशन पुरं होईना, कथा सरकेना, कारण त्या शहरात 'नाही' म्हणणाऱ्यापाशी जायला मारण्याखेरीज वाटच ठेवलेली नव्हती. अण्णांच्या 'नाही'ला मात्र सभा लागल्या, मोर्चे लागले, रात्रीच्या बैठका लागल्या, शेजाऱ्याशी भांडण आणि पुन्हा समेट लागला, आणि शेवटी एक धुतलेली टोपी लागली. एवढी मिशनं असलेला खेळ अजून कुणी केलेला नाही. तो मला खेळायचा आहे, अण्णांच्या बाजूने.