लुसीच्या उराशी धरलेले मूल

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) आम्ही पूर्वी केवळ भयकथा म्हणून वाचली होती. पुनर्वाचनात मन अडखळले ते थडग्यापाशी. रक्तपिपासू झालेली लुसी एका मुलाला उराशी धरून येते. वाग्दत्त वर दिसताच त्याला जमिनीवर फेकून देते आणि वराकडे हात पसरते. बाळ येशूला कवटाळणारी मरियामाता ज्याच्या डोळ्यांपुढे असते, त्या वाचकाला हे विडंबन हादरवते. (व्हॅन हेल्सिंग पवित्र भाकरीचा चुरा करून थडग्याच्या फटी बुजवतो, तेही आम्हांला रुचले नाही.)

वासना जागली की मातृत्व मरते, असे स्टोकरला म्हणायचे आहे काय? लुसीच्या छातीत खुंटी ठोकली जाते, सोशिक मीना पुत्रवती होते. हा हिशेब आम्हांला फार सोपा वाटतो.

कादंबरीतली खरी आई आम्हांला किल्ल्याच्या दाराशी भेटली. तिचे मूल आतल्या तिघी पिशाच्चिणींचे भक्ष्य झाले आहे. केस विस्कटलेली ती ऊर बडवीत मूल परत मागते. लांडगे तिला फाडून खातात. स्टोकर तिला नावही देत नाही. खिडकीतून पाहणाऱ्या हार्करला तिची कीव येत नाही. मेली ते बरे झाले, असेच त्याला वाटते.