काकाजींच्या घरातली मोकळीक

पु. ल. देशपांडे यांचं ‘तुझे आहे तुजपाशी’ हे १९५७ सालचं नाटक आपण बहुतेकांनी रंगमंचावर किंवा चित्रफितीवर पाहिलं असेल. काकाजी आणि आचार्य यांच्या जुगलबंदीला दाद देऊन आपण त्याला ‘भोग विरुद्ध त्याग’ असं लेबल लावून मोकळे होतो. मला मात्र हे नाटक आज वेगळ्या कारणासाठी मोलाचं वाटतं. गुरूच्या करड्या शिस्तीतून बाहेर येणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हे त्यात दिसतं.

आचार्यांच्या छायेत वावरणारी गीता आठवा. काकाजी तिला मूर्ख ठरवत नाहीत. हसायला, गाणं ऐकायला, स्वतःची आवडनिवड असायला परवानगी लागत नाही, असं घर तिला भेटतं. पुढे खुद्द आचार्यांचं एकाकीपण उघडं पडतं, तेव्हाही काकाजी जिंकल्याचा आव आणत नाहीत.

नाटकाची मर्यादाही इथेच आहे. पु.लं.चे आचार्य मुळात सज्जन. प्रत्यक्षातले काही पंथ पैसा घेतात, नातीगोती तोडायला लावतात आणि ‘सोडलंस तर वाटोळं होईल’ अशी भीती घालतात. ती भीती तीन अंकांत जात नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो भोंदूला शिक्षा देऊ शकतो. परतलेल्या माणसाला सावरायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आणि आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘एवढा शिकलेला असून फसलास कसा?’ मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी सारिन सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात डॉक्टर आणि रसायनतज्ज्ञही होते. शिक्षण हे काही कवच नव्हे. मी तुआसच्या एका कारखान्यात काम करतो. तिथे अपघात थोडक्यात टळला, की चांगला सुपरवायझर ‘कोण चुकलं?’ याआधी ‘काय घडलं?’ विचारतो. नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंडच उघडत नाही. घरातही तेच होतं.

तेव्हा मंडळी, अशा परतलेल्या माणसाला जेवायला बोलवा, जुन्या छंदाची आठवण काढा. झोप उडाली असेल, भीती सरत नसेल, तर समुपदेशकाकडे न्या. मंडळाच्या गणेशोत्सवात त्याला आरतीला उभं राहावंसं वाटलं नाही, तरी काही न विचारता त्याचं पान वाढावं.