तीन याद्या

गेल्या मार्गशीर्षात आमच्या नात्यातील एका विवाहाची पत्रिका हाती आली. कुलदेवतेचे स्मरण, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, स्वागतोत्सुकांची नावे हे सारे यथासांग होते. मात्र पत्रिकेच्या तळाशी चौकोनी ठिपक्यांची एक आकृती छापलेली होती. मोबाईलने ती टिपली की वधूवरांना हव्या असलेल्या चाळीसएक वस्तूंची यादी समोर येई. प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत होती आणि ती वस्तू कोणी आधीच देऊ केली असल्यास त्या दात्याचे नावही होते.

बेळगावात शहापुरास माझी एक वृद्ध आत्या राहते. तिने ती पत्रिका माझ्यापुढे धरली आणि विचारले, "बघ रे, ह्यात माझ्या ऐपतीचं काही शिल्लक आहे का?" मी पाहू लागलो. मिठामसाल्याच्या बरण्या, भाजी चिरण्याची फळी, चहाचे कप अशा सर्व लहानसहान वस्तू आधीच कोणाकोणाच्या नावे लागून गेल्या होत्या. उरलेल्यांत सर्वांत स्वस्त अशी एक विजेची शेगडी होती आणि तिची किंमत साडेचार हजार रुपये होती. यादीचा हा स्वभावच आहे. स्वस्त वस्तू प्रथम संपतात आणि ज्याला उशीर झाला, किंवा ज्याला यादी उघडण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या वाट्यास महाग तेवढे उरते. आत्याने जुन्या नऊवारी लुगड्यांची एक वाकळ चार महिने खपून शिवली होती. लग्नाच्या दिवशी तिने पाचशे एक रुपयांचे पाकीट दिले. वाकळ अजून तिच्या ट्रंकेत आहे. ती यादीत नव्हती.

या प्रसंगावरून संतापून सर्व दोष नव्या पिढीच्या माथी मारणे सोपे आहे. पण वकिली व्यवसायाने मला एवढे तरी शिकविले आहे की, प्रतिपक्षाची बाजू मांडल्यावाचून निवाड्याची अपेक्षा करू नये. म्हणून ही प्रथा आली कोठून, हे आधी पाहू.

विवाहभेटींची दुकानात नोंद ठेवण्याची पद्धत अमेरिकेची. शिकागो येथील 'मार्शल फील्ड' या पेढीने १९२४ साली ती सुरू केली, असे सामान्यतः मानले जाते. तिचे कारण व्यावहारिक होते. वधू चिनी मातीच्या, काचेच्या किंवा चांदीच्या भांड्यांचा एखादा नमुना पसंत करी. दहा पाहुण्यांनी दहा निरनिराळ्या नक्षीच्या बशा आणल्या तर त्यांचा संच होत नाही. दुकानदाराकडे नमुन्याची नोंद असली म्हणजे कोणी दोन बशा दिल्या, कोणी सहा दिल्या, तरी अखेर त्या एकाच पंगतीत बसत. पुढे १९९३ साली 'टार्गेट' या तेथील दुकानमालिकेने ही नोंद संगणकावर आणली आणि यादी गावोगावच्या दुकानांत पोहोचली. आता ती आपल्या खिशात आली आहे.

परंतु या वस्तुस्थितीची दुसरी बाजू आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते. अमेरिकन शिष्टाचाराचे प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या एमिली पोस्ट यांचे शिष्टाचारावरील पहिले पुस्तक १९२२ सालचे. त्यांच्या नावाने चालणारी संस्था आजही सांगते की, भेटवस्तूंच्या यादीचा उल्लेख विवाहपत्रिकेत करू नये. पाहुण्याने विचारले तर घरच्यांनी किंवा मित्रांनी सांगावे. म्हणजे ज्या देशात ही यादी जन्मली त्या देशाने तिच्याभोवती संकोचाचे एक कुंपणही घातले. यादी असेल, पण ती दाराआड असेल; पाहुण्याने दार वाजविले तरच उघडेल. आपण यादी उचलली आणि कुंपण तेथेच ठेवले. १९२४ सालच्या वधूने जे दुकानाच्या वहीत ठेवले, ते आपण कुलदेवतेच्या स्मरणाखाली छापतो.

"पण आपल्या आहेरात तरी कोणता निरपेक्षपणा होता?" असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. आहेराच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. मामाकडून इतके, मावशीकडून तितके, असा पुकारा होई, वहीत नोंद होई, आणि त्या घरच्या कार्याला जाताना वही उघडून तेवढाच, किंवा किंचित वाढवून, आहेर नेला जाई. आपल्या मराठी वसाहती ज्या ज्या मुलखात रुजल्या तेथील शब्दच पाहा. ग्वाल्हेर-इंदूरकडे लग्नात द्यावयाच्या रकमेला 'व्यवहार' म्हणतात. मराठीत हा शब्द देण्याघेण्याचा आणि धर्मशास्त्रात तर थेट न्यायालयीन दाव्याचा. बडोद्यास 'चांल्लो' लिहवून घेतात. नाव कपाळीच्या टिळ्याचे, पण क्रियापद लिहिण्याचे. आमच्या बेळगावाभोवतीच्या कानडी मुलखात त्याला 'मुय्यी' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सूड असा आहे. परतफेड मग ती उपकाराची असो की अपकाराची. गोव्यात नव्या लेकीच्या सासरी चवथीला माहेराहून जाते ते 'वजें', आणि त्याचा सरळ अर्थ ओझे. लोकभाषा खोटे बोलत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात जो सिद्धांत मांडला, की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही समाजबंधनेच आहेत आणि भेटीचा स्वेच्छेचा मुखवटा त्यांवर चढविलेला असतो, तो आपल्या आजीबाईंना वहीच्या अनुभवाने अवगत होता.

तेव्हा जुने ते निर्मळ आणि नवे ते लोभी, अशी मांडणी मी करणार नाही. सरबताच्या ग्लासांचे सात संच आणि भिंतीवरची पाच घड्याळे माळ्यावर टाकून दोन खोल्यांच्या घरात संसार मांडणाऱ्या जोडप्याला यादी सोयीची वाटते, यात गैर काही नाही. नको असलेली वस्तू वेष्टणासह पुढच्या लग्नात देऊन टाकण्याची आपली रूढी तर यादीपेक्षा अधिक अप्रामाणिक आहे. "कृपया आहेर आणू नये" असे छापून व्यासपीठावर पाकिटांसाठी पिशवी घेऊन भाच्याला उभे करणारी यजमान मंडळीही आपण सर्वांनी पाहिली आहेत.

मग आक्षेप कशाला? आक्षेप क्रमाला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दानाची जी व्याख्या आहे तिचे तीन घटक आहेत: दात्याची स्वेच्छा, मोबदल्याचा अभाव आणि घेणाऱ्याचा स्वीकार. या व्याख्येत एक क्रम गृहीत आहे. प्रथम देणाऱ्याच्या मनात वस्तू उत्पन्न होते, नंतर घेणारा ती स्वीकारतो. यादीत हा क्रम उलटतो. स्वीकार आधीच झालेला असतो. दाता तेवढा यावयाचा असतो. जुन्या वहीत परतफेडीचे बंधन होते हे खरे, परंतु ती वही देणे झाल्यावर लिहिली जाई. अकरा रुपये देणाऱ्याचे अकरा आणि एकशे एक देणाऱ्याचे एकशे एक, दोन्ही एकाच शाईने. आकडा देणाऱ्याचा असे. नव्या यादीत आकडा घेणाऱ्याचा असतो, आणि देणाऱ्याला फक्त त्या आकड्याखाली आपले नाव घालावयाचे असते. आत्याच्या प्रश्नात जे बोचते ते हेच. वहीने तिला कधी विचारले नसते की तुझी ऐपत किती. तिची ऐपत तिने स्वतः सांगितली असती, वाकळीच्या टाक्यांनी.

येथे 'यादी' या शब्दाचा आपल्या समाजातील इतिहास आठवणे आवश्यक आहे. आपल्याकडे सोयरीक जुळली की 'याद्या' होत. दोन्हीकडील कर्ती मंडळी बसत. हुंडा किती, मानपान काय, कापडचोपड कोणी काढावयाचे, हे कागदावर उतरे. 'यादी पे शादी' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. त्या कागदापायी किती वधूपित्यांनी शेत गहाण टाकले ते सांगण्याची गरज नाही. १९६१ सालच्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचा रोख त्या यादीवर होता. देणे आणि घेणे यांबरोबर हुंड्याची नुसती मागणी हासुद्धा त्या कायद्याने अपराध ठरविला. ही झाली पहिली यादी. पत्रिकेच्या तळाशी असलेली ती दुसरी.

तिसऱ्या यादीची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. १९८४ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९८५ साली नियम करण्यात आले. विवाहात वधूला व वराला, कोणतीही मागणी न करता, मिळालेल्या भेटी हुंड्याच्या निषेधातून वगळल्या गेल्या. पण त्यांची लेखी यादी ठेवावी, अशी अट घातली गेली. वधूच्या भेटींची यादी वधूने आणि वराच्या भेटींची वराने ठेवावयाची. ती विवाहाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावयाची. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे मूल्य, देणाऱ्याचे नाव, आणि देणारा नातलग असल्यास त्याचे नाते लिहावयाचे. खाली दोघांनी सह्या करावयाच्या. वराला मिळणाऱ्या, पण वधूकडून किंवा तिच्या नातलगांकडून येणाऱ्या भेटी रूढीला धरून असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात, असेही कायदा म्हणतो. ऐपत हा शब्द आत्याने वापरला होता. कायद्यानेही तो वापरावा, हा योगायोग मला विचार करावयास लावतो.

एखाद्या मित्राने यादीतली शेगडी दिली म्हणून ती हुंडा ठरेल, असे मी सुचवीत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. ही तिसरी यादी ज्या स्त्रीच्या रक्षणासाठी सांगितली आहे, तिची आठवण विवाहमंडपात कोणालाच होत नाही. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे जे सहा प्रकार सांगितले त्यांत अग्नीसमक्ष मिळालेले आणि सासरी जाताना मिळालेले धन अग्रभागी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले की, स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी असते आणि पती किंवा सासरची मंडळी ते जवळ बाळगत असतील तर केवळ विश्वासाने बाळगतात. इतके सर्व असून, संसार मोडल्यावर माझ्यासमोर येऊन बसणारी स्त्री आपल्या बांगड्या, पातळे आणि ताटवाट्या स्मरणातून सांगू लागते. समोरचा पक्ष प्रत्येक कलम नाकारतो. वीस वर्षांच्या वकिलीत दोघांच्या सह्यांची अशी एकही यादी माझ्या हाती आलेली नाही. जी यादी कायद्याने मागितली ती आपण करीत नाही, आणि जी कोणी मागितली नव्हती ती किंमतींसह छापून वाटतो. या विसंगतीला काय म्हणावे?

शिष्टाचार हा कायद्याहून नाजूक असतो, कारण त्याचा भंग झाला तर दाद मागण्यास जागा नसते. म्हणूनच काही गोष्टी आपण आपल्यावर घालून घ्याव्यात. यादी करावयाची तर करावी. पण ती पत्रिकेत असू नये. कोणी आपुलकीने विचारले, तर एखादी वस्तू तोंडी सांगावी. किंमत आणि इतरांची नावे पाहुण्यासमोर मांडू नयेत, कारण त्याने भेटीचा लिलाव होतो. आणि यादीबाहेरचे जे येईल ते यादीतल्याहून अधिक आदराने स्वीकारावे, कारण त्यामागे कोणीतरी विचार केलेला आहे. मग लग्न आटोपल्यावर, हळद उतरण्यापूर्वी, वधूवरांनी शेजारी बसून तिसरी यादी लिहावी व सह्या कराव्यात. त्यात कोणाचा अविश्वास नाही. एकमेकांच्या धनाविषयी दाखविलेला तो पहिला आदर आहे. त्या यादीत वाकळीला जागा मिळाली असती: वर्णन, जुन्या लुगड्यांची वाकळ; देणाऱ्याचे नाते, आजेसासू. अंदाजे मूल्याच्या रकान्यात काय लिहावे, एवढाच प्रश्न उरला असता, आणि तो दोघांनी मिळून सोडविण्याजोगा होता.

हे वाचून आमच्या नात्यातील मंडळी याला घरचा आहेर म्हणतील. म्हणोत. त्यांच्या यादीत तो नव्हता, हे मला मान्य आहे.